उलटा दुमडणारा टचस्क्रीन लॅपटॉप रोजच्या वापराला कसा पडतो? घ्यावा का?

गणितमास्तर
८ जून २०२५

नमस्कार मंडळी. मी इथे तसा वाचनमात्र माणूस, पण आता गरज पडली म्हणून धागा काढतोय. साताऱ्याजवळ ज्युनिअर कॉलेजला अकरावी-बारावीचं गणित शिकवतो. लॅपटॉप नऊ वर्षांचा झाला, सहाव्या पिढीचा आय फाइव्ह, मधे एकदा एसएसडी टाकली, एकदा बॅटरी बदलली, अजून गुमान चालतो. पण त्याच्यावर विंडोज ११ चढत नाही (आठव्या पिढीच्या खालच्या इंटेलला अधिकृतपणे घेतच नाहीत) आणि विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबरला थांबणार. म्हणजे दिवाळीच्या आत काहीतरी घ्यायचंय.

आता गंमत अशी झाली की दुकानात गेलो तर तिथल्या पोराने एक लॅपटॉप पूर्ण मागे दुमडला, पाटीसारखा माझ्या हातात दिला, वर पेन दिलं, आणि मी आपलं उभ्या उभ्या त्याच्यावर इंटिग्रेशन बाय पार्ट्सचं एक गणित सोडवलं. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये. बायको म्हणते नवलाई चार दिवसांची, मग त्या पडद्यावर नुसते बोटांचे डाग.

रोजचं काम सांगतो. मुलं व्हॉट्सअ‍ॅपवर गृहपाठाचे फोटो पाठवतात, त्यावर लाल खुणा करून परत पाठवायच्या. हे मी आत्ता माउसने करतो. माउसने इंटिग्रलचं चिन्ह काढून बघा एकदा, गांडूळ दिसतं. शिवाय सरावाच्या पीडीएफ बनवणे, वर्गात प्रोजेक्टरवर सोडवून दाखवणे. घरात बायको बचत गटाचा हिशेब एक्सेलमध्ये करते आणि मुलगी सातवीत आहे, ती काय करते ते तिलाच माहीत. बजेट ७० ते ७५ हजार, ताणून.

तर ज्यांनी असला दुमडता लॅपटॉप वर्ष-दोन वर्षं खरंच वापरलाय त्यांनीच सांगा. यूट्यूबवाले सगळे पहिल्या आठवड्यात सांगतात, मला दुसऱ्या वर्षाचं ऐकायचंय.

फुकटसल्ला
८ जून

साधा लॅपटॉप घ्या ४५ हजारांत आणि उरलेल्या ३० हजारांच्या वह्या घ्या. निवृत्तीपर्यंत पुरतील.

जमाखर्च
८ जून

मास्तर, मी डोंबिवलीहून रोज फोर्टला जाणारा सीए. तीन वर्षं झाली, १४ इंची आहे, पूर्ण उलटा होणारा. खरं सांगू का, पहिला महिना मी सगळ्यांना तो तंबूसारखा उभा करून दाखवला. दुसऱ्या महिन्यापासून तो लॅपटॉप आहे, बास. टॅलीत बोट लावलं की भलतंच व्हाउचर उघडतं, एक्सेलचा सेल बोटाखाली दिसतच नाही. टचस्क्रीन मी वापरतो फक्त क्लायंटच्या पीडीएफवर सरकवायला आणि मोठं करायला. पेन कुठे आहे विचारू नका, बहुतेक ड्रॉवरमध्ये. म्हणजे वहिनींचा मुद्दा बरोबर आहे, निदान माझ्यापुरता.

एक मात्र आहे, बिजागरी. मला वाटायचं एवढं उलटं-सुलटं करून आधी हीच जाईल, पण उलट आहे. ३६० अंशवाल्यांची बिजागरी मुळातच कडक आणि जाड असते, माझी अजून लोण्यासारखी फिरते, आणि ऑफिसातल्या साध्या स्वस्त लॅपटॉपच्या दोन बिजागऱ्या प्लास्टिकसकट उखडल्यात.

रेघोट्या
९ जून

मी मडगावला असते, मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढते. आधी एक गोष्ट पक्की करा, मास्तर. पडद्याला टच आहे म्हणजे पेन चालतं असं नाही हां. बोटाचा टच वेगळा आणि पेनाचा डिजिटायझर (पेन ओळखणारा पडद्यातला थर) वेगळा. नुसता टच असेल तर दुकानदार रबराच्या बोंडाचं दीडशे रुपयांचं पेन गळ्यात मारतो, ते म्हणजे बोटाला काठी बांधल्यासारखं, त्याने खडूसुद्धा बरा. तुम्हाला ‘ॲक्टिव्ह पेन’ चालणारं यंत्र पाहिजे, ज्याला दाब कळतो आणि हात पडद्यावर टेकला तरी तळव्याच्या रेघा उमटत नाहीत.

पेनांच्याही जाती आहेत. विंडोजवाल्यांत मुख्य दोन, मायक्रोसॉफ्टची एमपीपी आणि वॅकॉमची एईएस. एकाचं पेन दुसऱ्यावर चालत नाही (काही पेनं दोन्ही बोलतात, ती वेगळी घ्यावी लागतात). वॅकॉमची जुनी ईएमआर पद्धत वेगळीच, त्या पेनात बॅटरीच नसते. ते ४०९६ दाबपातळ्या वगैरे खोक्यावर लिहिलेलं असतं ते वाचून भारावू नका, सगळेच लिहितात.

दुकानात दोन परीक्षा घ्या. पहिली, पट्टी ठेवून तिरकी रेघ अगदी सावकाश ओढा. भरभर ओढली की सगळी पेनं सरळच दिसतात. सावकाश ओढली की वाईट पेनाची रेघ लाटा मारते. माझं तर ह्यावरच पोट आहे, मला ते चालत नाही, तुम्हाला कदाचित चालेल. दुसरी परीक्षा आपल्या लिपीची, ही कुठल्याच व्हिडिओत सांगत नाहीत. हा शब्द लिहा: ‘आंब्यांच्या फांद्यांवर’. तुमच्या नेहमीच्या हाताने, नेहमीच्या वेगाने. पेनाला उमटायला किमान थोडा दाब लागतो आणि आपण अनुस्वार देताना पेन नुसतं टेकवतो. वाईट पेनात चारही अनुस्वार गायब होतात आणि खाली ‘आब्याच्या फाद्यावर’ राहतं. इंग्रजीतल्या आय वरचा ठिपका गेला तरी वाचता येतं, आपलं तसं नाही.

गणितमास्तर
९ जून

रेघोट्याताई, मानलं तुम्हाला. आणि गणितात तर दशांश चिन्ह आलं, ते गायब झालं तर मुलगा नापास आणि मी बदनाम.

थंडीतला_कोल्हापूरकर
९ जून

भावा, मी जर्मनीत मास्टर्स करतोय, माझ्याकडे ते दुसऱ्या जातीचं आहे, पडदा आणि कीबोर्ड सुटा होणारं, मागे टेकू असलेलं. लिहायला एक नंबर. हातात धरायचं वजन ९०० ग्रॅमच्या आसपास, लेक्चरला वहीच नेत नाही मी. पण लॅपटॉप म्हणून मांडीवर घेतलास की तो मागचा टेकू मांडीवरून घसरतो, ट्रेनमध्ये समोरचं टेबल अरुंद असलं तर अर्धा लटकतो. हॉस्टेलच्या पलंगावर झोपून टाइप करायचं विसर. आणि कीबोर्ड-पेन वेगळे विकतात, जाहिरातीतली किंमत बघून उडी मारू नकोस, सगळं धरून तुझ्या बजेटच्या बाहेर जाईल बहुतेक.

तुझ्यासारख्याला ३६०वालाच ठीक. फक्त तो हातात धरून वाचेन हे स्वप्न सोडून दे. दीड किलो असतो आणि मागे दुमडला की बोटांना खालून कीबोर्डची बटणं लागतात. बटणं बंद झालेली असतात, काही टाइप होत नाही, पण कुणाच्या तरी दातांना हात लागल्यासारखं वाटतं बघ.

निवांत_आजोबा
१० जून

नागपूरहून लिहून राहिलो. तुम्ही पोरं याला नवीन म्हणता बरं का, पण मायक्रोसॉफ्टने टॅब्लेट पीसीसाठी वेगळी विंडोज एक्सपी २००२ मध्येच काढली होती. आमच्या बँकेत २००५-०६ च्या सुमारास वरच्या साहेबांना असे लॅपटॉप मिळाले होते, त्यात पडदा एकाच खिट्टीवर गोल फिरवून मग पालथा घालायचा. साहेबाने सहा महिन्यांत त्या पेनाने एक सही केली, तीसुद्धा मशीन आल्याच्या पोचपावतीवर असेल. सगळा पडदा मागे वळवायचं हे आत्ताचं प्रकरण २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर लेनोव्होच्या योगापासून गाजलं.

माझ्याकडे आता मुलाने दिलेला दुमडता आहे. मी त्याला तंबू करून जेवणाच्या टेबलावर ठेवतो आणि कीर्तनं ऐकतो, पेपर वाचतो. कीबोर्ड मागे, त्यामुळे डाळ सांडली तरी बटणात जात नाही. हा फायदा कुणी सांगत नाही. पण तंबूत टाइप करायचं म्हटलं की पडद्यावरचा कीबोर्ड अर्धी जागा खातो, मग मी आपला परत लॅपटॉप करतो.

पेंग्विन_पुणेकर
१० जून

पुण्यात दुपारी एक ते चार झोपतो, म्हणून आत्ता उत्तर.

मास्तर तुम्ही गणिताचे, मग गणितानेच बघा. ए४ कागदाची उंची भागिले रुंदी म्हणजे २ चं वर्गमूळ, १.४१. पडदे येतात १६:९ (१.७८), १६:१० (१.६) आणि ३:२ (१.५). १४ इंची १६:९ चा पडदा उभा केला तर रुंदी साधारण १७.४ सेंमी, १६:१० ची १८.८. कागद २१ सेंमीचा. म्हणजे १६:१० मध्ये ए४ पान ९० टक्के आकारात दिसतं, १६:९ मध्ये ८३ टक्के, आणि वर-खाली पट्ट्या मोकळ्या राहतात त्या वेगळ्या. मुलांच्या वहीच्या फोटोवर लिहिणार असाल तर हा सात टक्क्यांचा फरक डोळ्यांना कळतो. माझं मत, १६:९ घेऊच नका, कितीही सूट देवोत.

बाकी पटापट: रॅम १६ जीबी, कारण असल्या सडपातळ मशीनमध्ये ती बहुतेक बोर्डावरच डकवलेली असते, नंतर वाढवता येत नाही. ‘ईएमएमसी’ (एसएसडीऐवजी घातलेली स्वस्त, संथ साठवण) दिसलं की दुकानातून बाहेर या. पडद्याची चमक ३०० निट्सच्या खाली नको, ४०० मिळाली तर उत्तम, कारण टचवाले पडदे काचेचे असतात आणि वर्गात खिडकीकडे पाठ करून बसलात तर गणिताऐवजी स्वतःचं तोंड दिसतं. यूएसबी-सी वरून चार्ज होणारा घ्या.

आणि हो, मी लिनक्स वापरतो हे सांगायचं राहिलं. (नाही, राहणार नव्हतं.) तिथे पडदा वळवला की चित्र आपोआप वळणं, पेनाचा दाब हे सगळं बऱ्याच मॉडेलांवर आता नीट चालतं, काहींवर बोंब असते. एक्झॉर्नल प्लस प्लस हे पीडीएफवर लिहायचं फुकट सॉफ्टवेअर विंडोजवरही चालतं, ते आधीच उतरवून माउसने चालवून बघा.

दोन_पोरांची_आई
१० जून

एक मधला रस्ता कुणी सांगितलाच नाही. लॉकडाउनमध्ये माझ्या जावेने, ती पण टीचर, साधा बिनपडद्याचा पेन टॅब्लेट घेतला होता, यूएसबीला लावायची काळी पाटी. ४-५ हजारांत येतो. तिने तीन वर्षं त्याच्यावर फिजिक्स शिकवलं. साधा लॅपटॉप आणि ती पाटी, पैसे वाचले. आधी कुणाची तरी मागून आणा आणि बघा ना.

गणितमास्तर
२९ जून

उशिराबद्दल क्षमस्व, कॉलेजात प्रवेशांची गडबड. आईंचं ऐकून एका सहकाऱ्याची काळी पाटी दोन आठवडे आणली. प्रामाणिक निकाल: हात एकीकडे आणि डोळे दुसरीकडे, ह्याची सवय चार दिवसांत झाली, मला वाटलं होतं त्यापेक्षा लवकर. समीकरणं चांगली येतात. पण मराठी लिहिताना शिरोरेघ मारायला परत मागे गेलो की ती अक्षराच्या डोक्यातूनच जायची, सगळी अक्षरं खोडल्यासारखी. आणि तुकड्यात साठ पोरं, त्यांच्या फोटोंतलं नेमकं चुकलेलं पाऊल गोल करायला पेन आधी हवेत फिरवून बाण शोधावा लागतो, दर फोटोला दोन-तीन सेकंद. साठ गुणिले रोज करा.

ज्यांना फक्त ऑनलाइन फळा पाहिजे त्यांनी हीच घ्यावी, माझं मत झालं. वह्या तपासायला मला ती पुरली नाही.

फुकटसल्ला
२९ जून

मग वह्याच मागवा की त्यांच्याकडून. कागदाच्या.

जमाखर्च
३० जून

अजून एक, आता एआरएम (फोनमध्ये असते त्या जातीच्या) चिपवाले विंडोज लॅपटॉप आलेत, बॅटरी खूप टिकते म्हणून दुकानदार पुढे करतात. साधे प्रोग्राम त्याच्यावर चालतात पण ड्रायव्हर मात्र खास एआरएमचेच लागतात. कुणी डिजिटल सहीचं यूएसबी टोकन, जुना प्रिंटर, जुना स्कॅनर वापरत असेल तर आधी त्याचा ड्रायव्हर आहे का बघा. माझ्या एका मित्राने न बघता घेतला आणि रिटर्न भरायला तो रोज माझ्याकडे येऊन चहा पितो.

गणितमास्तर
२४ ऑगस्ट

घेतला! गणपतीच्या आधी, १४ इंची, १६:१०, १६ जीबी, पेन खोक्यातच. ६९ हजारांना पडला. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर धागा पळवला जाईल.

दुकानात तीन ठेवले होते, तिन्हीवर ‘आंब्यांच्या फांद्यांवर’ लिहिलं. दुकानातला पोरगा म्हणाला सर तुम्ही मराठीचे का. एकाने दोन अनुस्वार खाल्ले, एकाने एक, तिसऱ्याने सगळे उमटवले, तो घेतला. तिरक्या रेघेत तो थोडा डगमगतो पण मी काही चित्रकार नाही. म्हणजे रेघोट्याताईंनी सांगितलेलं एकही जाहिरातीत नव्हतं आणि निर्णय त्याच्यावरच झाला.

रेघोट्या
२४ ऑगस्ट

अभिनंदन! एक शपथ घ्या. झाकण लावण्याआधी कीबोर्डवर हात फिरवायचा. मी माझा पहिला असाच घालवला, पेन कीबोर्डवर राहिलं आणि वरून बंद केला. काच, टच आणि पडदा एकमेकांना चिकटवलेले असतात, नुसती काच बदलत नाहीत, अख्खा वरचा भाग. निम्म्या लॅपटॉपचे पैसे गेले. अपघाती नुकसानीचं संरक्षण मिळतंय का बघा, ते पहिल्या काही दिवसांतच घ्यावं लागतं सहसा.

गणितमास्तर
१४ सप्टेंबर

तीन आठवडे झाले, आणि मंडळी, मदत पाहिजे. दोन भानगडी आहेत.

एक. सकाळी घरून झाकण लावून पिशवीत टाकतो, गाडीवर पाऊण तास, कॉलेजात पिशवी उघडली तर आतून गरम वाफ आणि बॅटरी २० टक्क्यांनी कमी. पावसाळ्यात रेनकोट घातलेल्या पिशवीत हा भट्टी होतो.

दोन, आणि ही भुताटकी आहे. टाइप करता करता पडदा एकदम काळा. हात काढला, काही केलं नाही, की परत येतो. कधी दिवसभर होत नाही, कधी तासाला चार वेळा. सर्व्हिस सेंटरला नेला, त्यांनी दोन दिवस ठेवून विंडोज नवीन टाकून दिली, माझ्या सगळ्या सेटिंग उडाल्या आणि घरी आल्यावर अर्ध्या तासात परत काळा. बायको एक शब्द बोलली नाही, नुसतं बघितलं.

पेंग्विन_पुणेकर
१४ सप्टेंबर

पहिली भानगड बऱ्याच नवीन लॅपटॉपना आहे. पूर्वीची झोप गाढ असायची, आताची ‘मॉडर्न स्टँडबाय’ फोनसारखी, एक डोळा उघडा ठेवून. आत कुठलातरी अपडेट जागा होतो आणि पिशवीत तापतो. कंट्रोल पॅनेलमध्ये झाकण लावल्यावर ‘स्लीप’ऐवजी ‘हायबरनेट’ करा (पर्याय दिसत नसेल तर आधी चालू करावा लागतो). उघडायला दहा-पंधरा सेकंद जास्त लागतील पण पिशवी थंड राहील.

दुसरीबद्दल एक विचारतो. टाइप करताना तुमचा फोन कुठे असतो?

गणितमास्तर
१४ सप्टेंबर

फोनचा काय संबंध? डाव्या हाताशी, ट्रॅकपॅडच्या बाजूला ठेवतो, कॉलेजचा ग्रुप सतत वाजतो म्हणून.

पेंग्विन_पुणेकर
१४ सप्टेंबर

पाकिटासारखं झाकणाचं कव्हर आहे ना? टक्कन चिकटणारं?

गणितमास्तर
१४ सप्टेंबर

आहे. थांबा.

गणितमास्तर
१४ सप्टेंबर

अहो!!! फोन उचलून मुद्दाम डाव्या कोपऱ्यात ठेवला की काळा, उचलला की उजेड. वीस वेळा करून बघितलं. पोरगी टाळ्या वाजवतेय.

पेंग्विन_पुणेकर
१४ सप्टेंबर

झाकण लागलंय की उघडंय हे लॅपटॉपला चुंबकाने कळतं. पडद्याच्या कडेत लोहचुंबक, खालच्या अंगात हॉल सेन्सर. तुमच्या फोनच्या कव्हरातलं चुंबक त्या सेन्सरवर आलं की त्याला वाटतं मालकाने झाकण लावलं. साध्या लॅपटॉपमध्येही होतं हे. दुमडत्यांमध्ये भर म्हणजे तो पूर्ण मागे गेला का हेही त्यांना ओळखावं लागतं, त्यामुळे कधी कधी पडदा चालू पण कीबोर्ड बंद असा प्रकार होतो. लोहचुंबकाने चिकटणाऱ्या घड्याळाच्या पट्ट्यानेही होतं. दोन लॅपटॉप एकावर एक ठेवून वरचा चालू ठेवला तरी होतं. आणि सर्व्हिस सेंटरला हे कळत नाही कारण तुम्ही त्यांना फोन देत नाही.

फुकटसल्ला
१४ सप्टेंबर

आजच्या दिवसासाठी पेंग्विनला नमस्कार. विनोद नाही, खरा.

गणितमास्तर
९ नोव्हेंबर

दिवाळीच्या सुट्टीत निवांत लिहायचं ठरवलं होतं, ते आज जमतंय. अडीच महिन्यांचा हिशेब, जसा आहे तसा.

दिवसातून चार तास तो साधा लॅपटॉप असतो. जमाखर्च म्हणाले ते बरोबर. बायको एक्सेल करताना पडद्याला हात लावत नाही, उलट मुलीने लावला की ओरडते. हातात पाटीसारखा धरून मी पहिल्या आठवड्यात दोनदा वाचलं, मनगट धरलं, परत नाही. उभ्या पडद्याला बोट लावलं की तो डुलतो आणि खांदा दुखतो, म्हणून ते पण नाही.

पण रात्री साडेनऊ ते साडेदहा हा एक तास वेगळा आहे. पूर्ण मागे दुमडतो, टेबलावर आडवा, मागच्या कडेखाली लॉग टेबलचं जुनं पुस्तक (शेवटी उपयोग झाला त्याचा), आणि व्हॉट्सअ‍ॅपचे फोटो एकेक घेऊन लाल पेनाने तपासतो. आधी जे दोन रात्री चालायचं ते आता एका तासात होतं आणि महत्त्वाचं म्हणजे आता मी नुसती फुली मारत नाही, तिथल्या तिथे चुकलेलं पाऊल सोडवून दाखवतो, कारण लिहायला त्रास नाही. एका मुलीने वर्गात विचारलं, सर तुम्ही आमचे फोटो प्रिंट काढून तपासता का. अक्षर माझंच आहे म्हणून तिला तसं वाटलं. त्या एका प्रश्नाला मी ६९ हजारांतले निदान वीस लावतो.

वर्गातला प्रोजेक्टर हा वेगळा इतिहास. आमचा जुना, त्याला व्हीजीए, ह्याला यूएसबी-सी आणि एचडीएमआय, त्यामुळे मधे एक बोंडुक आणि वायर. पडद्याचं चित्र जसंच्या तसं दाखवायला गेलं तर प्रोजेक्टर ४:३ चा, त्यामुळे माझ्याही पडद्याच्या दोन बाजूला काळ्या पट्ट्या येतात आणि लिहायची जागा आकसते, पण पर्याय नाही, कारण प्रोजेक्टर वेगळा पडदा म्हणून जोडला तर मी लिहितो इथे आणि मुलांना दिसतो रिकामा वॉलपेपर. पहिल्या दिवशी पाच मिनिटं असंच शिकवलं. कुणी सांगितलं नाही कार्ट्यांनी.

चार्जर लावून लिहिताना कधी कधी रेघ थरथरते आणि अंगाला बारीक मुंग्या येतात, ते आमच्या जुन्या घराच्या वायरिंगचं. वायरमन बोलावून अर्थिंग नीट करून घेतलं तेव्हापासून कमी आहे. गुळगुळीत काचेवर पेन घसरतं म्हणून कागदासारखी खरखरीत फिल्म चिकटवावी असं वाटतं, रेघोट्याताई, तुमचं मत?

रेघोट्या
९ नोव्हेंबर

लिहायला छान, पण पडदा किंचित धुरकट दिसतो आणि पेनाचं टोक भराभर झिजतं. तुम्ही दिवसाला एकच तास लिहिता, काचेवरच सवय करा. टोकं मात्र दोन-चार जादा आणून ठेवा, झिजलेलं टोक काचेवर ओढू नका.

दोन_पोरांची_आई
९ नोव्हेंबर

आणि मुलगी काय करते त्याच्यावर, ते राहिलं ना?

गणितमास्तर
९ नोव्हेंबर

तंबू करून पंगतीत मांडते आणि कार्टून बघत जेवते. आजोबांचा डाळीचा मुद्दा आमच्याकडे रोज सिद्ध होतो.

बाय द वे, कालपासून पेन बंद पडलंय. आत एकदम बारकी बॅटरी निघाली, तीन ए वाली नाही, त्याहून बारीक, चार ए वाली. साताऱ्यात सहा दुकानं फिरलो, सगळे तीन ए वाली हातात देतात आणि म्हणतात साहेब हीच ती, नीट बसवा. एकाने सांगितलं नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी फोडा, आत सहा बारक्या असतात त्या लावा. खरं आहे का हे?

पेंग्विन_पुणेकर
९ नोव्हेंबर

काही कंपन्यांच्या चौकोनीत असतात, काहींत चपट्या चकत्या निघतात. आणि असतात त्याही किंचित आखूड असतात, त्यामुळे पेनात नीट टेकत नाहीत. मग लोक ॲल्युमिनियमची चांदी कोंबतात. नका करू, ७० हजारांच्या काचेला लावायचंय ते पेन. ऑनलाइन चार ए वाल्यांची जोडी मागवा.

थंडीतला_कोल्हापूरकर
९ नोव्हेंबर

भावा, डिसेंबरात गावाकडे येतोय, इथून डझनभर आणतो. साताऱ्यात गाडी थांबली की देतो, बदल्यात कंदी पेढे.

फुकटसल्ला
१० नोव्हेंबर

तोपर्यंत माउसने गांडुळं काढा.